पिवळा त्याचा हात

"शास्त्रीबुवा, हरताळ म्हणजे काय?"

अण्णासाहेब शेटे कार्यालयात आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि मी चहा सांगण्यापूर्वीच त्यांनी हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला. ते आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आणि गावातील हळदीचे सर्वांत मोठे अडते. मी संस्कृतचा शिक्षक. त्या वर्षी मुख्याध्यापकांची जागा रिकामी असल्यामुळे त्यांच्या खुर्चीचा भारही माझ्याकडे आलेला होता. अध्यक्षांनी आपण होऊन एखाद्या शब्दाचा अर्थ विचारावा, आणि तो शब्द नेमका माझ्या प्रीतीचा असावा, याचा मला मोठा हर्ष झाला.

"मूळ शब्द हरिताल," मी सरसावून म्हणालो. "पिवळ्या रंगाचं एक खनिज. पोथ्या लिहिणाऱ्या लेखकाचं अक्षर चुकलं, की तो त्यावर हरताळ लावी. आपण म्हणतो ना, अमक्यानं तमक्याच्या कष्टांना हरताळ फासला? तो वाक्प्रचार तिथूनच आला. वाईला पाठशाळेत असताना मी स्वतः..."

"तो नव्हे हो!" अण्णासाहेब म्हणाले. "बाजार बंद करतात, तो. काल रात्री जेवताना आमची गिरिजा गुणगुणत होती. पेठेमधी हरताळ गं बाई. मी विचारलं, कुठं शिकलीस? म्हणते, शाळेत. इतिहासाच्या तासाला!"

"इतिहासाच्या तासाला?"

"तुमच्या त्या नव्या बाई. तिकडं मार्केट यार्डात हमालांची बोलणी अजून मिटलेली नाहीत, आणि इकडं माझ्याच घरात, माझ्याच पानावर हरताळाची गाणी. ही शाळा आहे का तमाशाचा फड?"

हमालांच्या बोलण्यांमुळे ते त्रस्त आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक होते. त्यामुळे त्यांच्या रागाचे मूळ मला तत्काळ उमगले, असे मला वाटले.

"दिवाळीत बाईंच्या नेमणुकीची मुदत संपते," टोपी डोक्यावर ठेवीत ते म्हणाले. "कायम करायचं की नाही, ते समितीला ठरवायचंय. तुम्ही त्यांचा तास बघा आणि मला सांगा. तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही."

ते गेले. एका तरुण मुलीचे भवितव्य आपल्या शब्दावर टांगले गेले आहे, ही जाणीव सुखाची नसते.

आमचे गाव कृष्णेच्या काठी, सांगलीपासून काही कोसांवर. इथली जमीन अशी की तिच्यात खोल खड्डे खणून हळद साठवली तर वर्षानुवर्षे तिला कीड लागत नाही. या खड्ड्यांना पेवे म्हणतात. गावातल्या भिंती, पोती, रुपयाच्या नोटा, सगळ्यांवर एक पिवळट झाक असे, आणि परगावी गेल्यावर आमची माणसे कपड्यांच्या वासावरून ओळखू येत.

मंदाकिनी तांबट या गावात नवीन होत्या. त्यांचे वडील कऱ्हाडकडील एका लग्नाच्या बॅण्डमध्ये क्लॅरोनेट वाजवीत. बाई एम. ए. झालेल्या, सावळ्या, ठेंगण्या, बोलताना हातांनी ठेका धरणाऱ्या. त्या वर्गात येत तेव्हा एका बगलेत हजेरीपुस्तक असे आणि मागून दोन मुले बाजाची पेटी उचलून आणीत. माझा वर्ग शेजारी असल्यामुळे रघुवंशाच्या अन्वयात मधूनच पेटीचे सूर शिरत, आणि माझी मुले शांत चेहऱ्याने पायाने ताल धरून बसत.

शिक्षकांच्या खोलीत मी त्यांना गाठले.

"बाई, अध्यक्षांनी मला तुमचा तास पाहायला सांगितलं आहे."

"या ना शास्त्रीबुवा! मी तर केव्हापासून बोलावणार होते. पण म्हटलं, तुम्हाला गाण्यांचा त्रास होतो."

"मला गाण्याचा त्रास होत नाही. सामवेद गाणंच आहे. परंतु इतिहास हा प्रमाणांवर उभा राहतो. ताम्रपट, शिलालेख, दप्तरं. तुमचा साक्षीदार ढोलकी वाजवत येतो, त्याचं काय करायचं?"

"त्याला आधी वाजवू द्यायचं," बाई हसून म्हणाल्या. "मग उलटतपासणी घ्यायची."

"आणि अध्यक्षांची उलटतपासणी?"

त्यांचे हसू किंचित मावळले. टेबलावर ठेका धरणारी बोटे थांबली.

"मला कायम व्हायचंय, शास्त्रीबुवा. फार व्हायचंय. बाबांचा श्वास आता क्लॅरोनेटला पुरत नाही. त्यांना इथं आणायचंय, नदीकाठी. पण तारखा घोकून घेणारी बाई म्हणून कायम व्हायचं असतं, तर मी पहिल्या शाळेतच झाले असते."

दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. बाईंनी पेटी उघडली. आधी त्यांनी मुलांकडून जात्यावरच्या ढंगाचे एक गाणे म्हणवले. त्यातली एकच ओळ अजून माझ्या कानात आहे: ‘रॉकेल नाही दिव्याला, नवरा गेला बसऱ्याला.’

"थांबा," पेटीवर हात ठेवून बाई म्हणाल्या. "ही बाई काय सांगते आहे?"

"तिच्या घरात अंधार आहे," एक मुलगी म्हणाली.

"का?"

"रॉकेल नाही. कंट्रोलवर, रेशनसारखं मोजून मिळत असेल."

"कंट्रोल कधी होता? आणि बसरा कुठं आहे? शोधा."

मुले नकाशावर तुटून पडली. बसरा सापडला, इराक सापडले, आणि साताऱ्याचा गडी तिकडे कोणाच्या युद्धावर गेला, का गेला, परत आला का, अशी प्रश्नांची एक रांगच लागली. एका ओळीत महायुद्धही आले आणि चूलही आली. मी मनातल्या मनात म्हणालो, भाष्यकार तरी याहून वेगळे काय करतात? एक सूत्र घेतात आणि त्यातून जग उलगडतात. अर्थात हे मी उघड बोललो नाही.

मग ते गाणे आले. बाईंच्या वडिलांकडून आलेले, बेचाळीसच्या सुमारास गणपतीत दारोदार गात फिरणाऱ्या मेळ्यांतून गावोगावी पसरलेले पद. सगळा वर्ग एका सुरात म्हणू लागला:

पेठेमधी हरताळ गं बाई, पेठेमधी हरताळ,
दारोदारी कुलूप लागलं, मुकी झाली सकाळ.
बंद तराजू, बंद पेवं, बंद गाडीची वाट,
शेवटचं पर दार अर्धं, पिवळा त्याचा हात!

शब्द कानी पडताच मला राहवले नाही. मी उठून उभा राहिलो आणि हरिताल, पोथ्या, चुकलेली अक्षरे आणि त्यांवरील पिवळा लेप हा सर्व विषय मुलांना समजावून दिला. शेवटी ठामपणे सांगितले, "पाहा, चौथ्या ओळीत पिवळा हात आलाच आहे. कवीला हरिताल अभिप्रेत असल्याचा हा उघड पुरावा."

वर्ग आदराने ऐकत होता. मग सर्जेराव नावाचा एक उंच मुलगा उठला.

"सर, म्हणजे बेचाळीस साली सगळ्या पेठेला पिवळा रंग मारला होता?"

हशा पिकला. बाईंनी पदर तोंडाला लावला. मीही हसलो, कारण दुसरा मार्ग नव्हता.

"शास्त्रीबुवांचं चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "शब्द दोन आहेत, दोन वाटांनी आलेले आणि एकाच दारात भेटलेले. हा हरताळ म्हणजे हाट आणि ताळ, बाजार आणि कुलूप. बरोबर ना, सर?"

"हट्ट म्हणजे बाजार," मी मान्य केले. "व्युत्पत्ती शक्य आहे."

"मग आता मला सांगा. सगळी पेठ बंद, आणि एकच दार अर्धं उघडं. शेवटचं दार कुणाचं होतं? हरताळाच्या दिवशी ते का उघडं राहिलं? आणि हात पिवळा म्हणजे काय?"

"हळदीनं पिवळा," मुले एकदम म्हणाली. आमच्या गावात त्याला दुसरे उत्तर नव्हते.

"म्हणजे त्यानं गुपचूप धंदा केला!" सर्जेराव म्हणाला.

"गाणं तसं म्हणतंय. ते खरं कशावरून? घरी जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. शुक्रवारी मला उत्तरं हवीत."

गिरिजा शेटे पहिल्या बाकावर बसून भराभर प्रश्न उतरवून घेत होती. तिच्या चेहऱ्यावर कुतूहलाखेरीज काही नव्हते.

त्याच संध्याकाळी मी अण्णासाहेबांच्या पेढीवर गेलो आणि तास उत्तम झाल्याचे सांगितले. शेवटच्या दाराच्या प्रश्नापर्यंत मी आलो तेव्हा ते हळकुंड मोडून पाहत होते. त्यांचा हात थांबला.

"शेवटचं दार?" ते म्हणाले.

"होय. मुलं शुक्रवारी शोधून आणणार आहेत."

"शुक्रवारी मी येतो," त्यांनी सांगितले, आणि मोडलेले हळकुंड पुन्हा जोडून बघावे तसे दोन्ही तुकडे एकमेकांना लावून धरले.

शुक्रवारी ते आले. धुतलेले पांढरे धोतर, काळा कोट. शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसले तेव्हा बाक करकरले आणि मुले सावध झाली. वडिलांना पाहून गिरिजा ओशाळली आणि खूशही झाली. बाईंनी अध्यक्षांना नमस्कार केला. त्यांच्या कपाळावर घाम होता, परंतु बोटे नेहमीप्रमाणे पेटीच्या कडेवर ठेका धरून होती.

आधी बाईंनी पेटीवर गाणे म्हणवले, मग मुले एकेक उठू लागली. कुणाचे आजोबा म्हणाले होते, शेवटचे दार पोस्टाचे. कुणाची आजी म्हणाली होती, तिथे न्हाव्याचे दुकान होते आणि न्हाव्याने कधी हरताळ पाळलेला तिने पाहिला नाही. सर्जेरावाच्या आज्याने सांगितले होते, "पोरा, अभ्यास कर." वर्ग हसला, अण्णासाहेब हसले नाहीत.

मग मेहरून अत्तार उठली. बारीक, डोक्यावरून ओढणी घेतलेली, आवाज इतका मृदू की माझ्या संस्कृतच्या तासाला मी तिला नेहमी "मोठ्यानं, बाळ" म्हणत असे.

"बाई, माझी दादी म्हणते, तुमच्या गाण्यात चूक आहे."

"कोणती?"

"ते शेवटचं दार नाहीच." तिने एकदा गिरिजेकडे पाहिले आणि मग खाली. "दादी म्हणते, मेळ्यात म्हणायचे तेव्हा ते ‘शेट्याचं’ असं होतं. शेट्याचं पर दार अर्धं."

वर्गातली सगळी डोकी एकदम गिरिजेकडे वळली.

मी आयुष्यभर पोथ्यांतील पाठभेद पडताळले होते. एखादे नाव जिथे ठाऊक असते तिथे ते टिकते. पोथी परगावी गेली, की अनोळखी नावाच्या जागी एखादा सोपा शब्द येऊन बसतो. कऱ्हाडच्या बॅण्डवाल्यांना शेटे कोण हे काय ठाऊक? त्यांनी ‘शेट्याचं’चे ‘शेवटचं’ केले, आणि बाईंनी तेच निर्मळ मनाने इथे, याच गावात, शेट्यांच्याच मुलीला शिकवले. हे सर्व मला एका क्षणात उलगडले, आणि त्याच क्षणी अण्णासाहेबांचा पहिला प्रश्नही उलगडला. त्यांचा राग हमालांसाठी नव्हता. गिरिजा जेवताना जे गुणगुणत होती त्याच्या मागचा खरा शब्द त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होता.

"बरोबर आहे," माझ्या शेजारून आवाज आला. अण्णासाहेब उभे राहिले होते. "माझ्या वडिलांचं दार ते."

"अण्णा..." गिरिजा म्हणाली.

"बस, बाळ." मग ते बाईंकडे वळले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते. "दरवर्षी गणपतीत मेळा आमच्या दारासमोर थांबायचा. बाकीच्या ओळी एकेकदा, ही ओळ दोनदा. बाबा उंबऱ्यावर हात जोडून उभे राहायचे. पुढे होऊन मेळ्याच्या ताटात नारळ ठेवायचे, सुपारी ठेवायचे. मी आत, पोत्यांमागं. मी त्या वेळी दहाएक वर्षांचा असेन. हरताळाच्या दिवशी मी बघितलं होतं ना! कोपरापर्यंत पिवळे हात घेऊन बाबा रात्री पेवाकडून घरी आले होते. तेव्हा गाणं खोटं आहे, असं मी कुणाला आणि कसं सांगणार?"

त्यांनी कोट सारखा केला.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही मुलांना चांगलं शिकवता. शास्त्रीबुवांनी सांगितलं, आणि मी आत्ता बघितलंही. तुम्हाला कायम करायला माझी काही हरकत नाही. फक्त ही चौथी ओळ गाळा. उरलेलं गाणं खुशाल म्हणा."

मी मनातल्या मनात हात जोडले. म्हण, मुली, हो म्हण. एक ओळ ती काय!

मंदाकिनी तांबट यांनी पेटीचा भाता मिटवला.

"अण्णासाहेब, ही ओळ मला ठाऊक असती तर गिरिजासमोर मी ती अशी आणली नसती. त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण आता ती आली आहे. आता गाळली, तर मुलं शाळेबाहेर ती म्हणतीलच, फक्त माझ्यासमोर विचारणार नाहीत. मला गाळता येणार नाही."

"विचार करून बोलताय ना?"

"हो." मग त्या मेहरूनकडे वळल्या. "तू अजून उभीच आहेस. दादी आणखी काही म्हणाली का?"

"हो, बाई. पण..." तिने अण्णासाहेबांकडे बघितले. "सांगू का, काका?"

अण्णासाहेबांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यांनाही सांगता आले नसते.

"त्या दिवशी मोर्चावर लाठ्या पडल्या. माझ्या आजोबांचं डोकं फुटलं. दवाखान्यात गेलं तर नाव लिहून घ्यायचे आणि फौजदाराला द्यायचे. म्हणून दादी त्यांना गल्लीतून घेऊन आली. सगळी दारं बंद. शेट्यांचं एक कवाड लावलेलं आणि एक उघडं. दादी म्हणते, आत पाच-सात जण बसलेले होते, सगळे रक्तानं माखलेले. आणि शेटजी पेवातली हळद पाटीनं आणून ज्याच्या-त्याच्या जखमेत स्वतःच्या हातानं दाबत होते."

ती थांबली. तिच्या मृदू आवाजाला ‘मोठ्यानं’ म्हणण्याची गरज कुणालाच वाटली नाही.

"मग गाणं झालं तेव्हा तुझी दादी बोलली का नाही?" बाईंनी हळूच विचारले.

"शेटजींनी सगळ्यांना शपथ घातली होती. म्हणाले, ज्याच्या डोक्याला हळद तो मोर्चातला, हे पोलिसांना कळेल. कुणी विचारलं तर शेट्यानं धंदा केला म्हणा. आजोबांनी तसंच सांगितलं. मग ते गाण्यात गेलं." मेहरूनने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले. "स्वराज्य आल्यावर आजोबा त्यांना म्हणाले होते, आता सांगू या. तर ते म्हणाले, राहू दे अत्तार, चाल चांगली आहे."

कुणीतरी हुंदका आवरला. ती गिरिजा होती, की बाई, की मी, ते आज सांगता येणार नाही.

"आणि शपथ? ती आज कशी मोडली?" अण्णासाहेबांनी विचारले.

"मी पण तेच विचारलं. दादी म्हणाली, शपथ पोलिसांसाठी होती. शाळेनं विचारल्यावर खोटं बोलू नये."

अण्णासाहेबांनी दोन्ही हात पुढे धरले आणि ते दुसऱ्याचे असावेत तसे त्यांच्याकडे पाहिले. हळदीच्या व्यापाऱ्याचे हात. नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या.

"मी त्यांना कधी विचारलंच नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, मला ठाऊक आहे."

मग टोपी उचलून, कुणाचाही निरोप न घेता, ते वर्गाबाहेर पडले.

"म्हणजे माझं गेलं म्हणायचं," मधल्या सुट्टीत बाई मला म्हणाल्या. त्यांनी डबा उघडला होता, पण घास घेतला नव्हता.

"ओळ गाळली असती तर?"

"तर मेहरून खाली बसली असती, शास्त्रीबुवा."

मी म्हणालो, "मुलं नवीन ओळी रचू पाहताहेत. मात्रा चुकताहेत त्यांच्या. मी आलो तर चालेल का?"

अशा रीतीने, ज्या मनुष्याने लोकगीताला कधी काव्य म्हटले नव्हते, तो नववीच्या मुलांसोबत फळ्यापाशी उभा राहून लघुगुरू मोजू लागला. मुलांची अट एकच होती: शेवटचे तीन शब्द बदलायचे नाहीत. पुष्कळ खाडाखोडीनंतर हे उभे राहिले:

शेट्याचं ते दार अर्धं, जखमी तेवढे आत,
फुटल्या डोकी हळद दाबी, पिवळा त्याचा हात!

"पहिल्या ओळीत मात्रा जास्त होतात," मी म्हणालो.

"ढोलकीत बसतंय, सर," सर्जेराव म्हणाला.

मी पुन्हा मोजले. ढोलकीत खरोखरच बसत होते.

समितीची सभा पुढच्या आठवड्यात शाळेतच भरली. माझा अभिप्राय मी वाचून दाखवला. दोन सभासदांनी विचारले, "पण गाणी कशाला? पुस्तकं नाहीत का?" अण्णासाहेब खिडकीबाहेर पाहत होते. सर्वांचे बोलून झाल्यावर त्यांनी मान वळवली.

"शास्त्रीबुवा, हरताळ म्हणजे काय?"

मी गोंधळलो. "बाजार बंद..."

"तो नव्हे हो. तुमचा. पोथीतला."

"हरिताल," मी म्हणालो. "लेखकाचं अक्षर चुकलं, तर तो ते खरवडत नाही. खरवडलं तर कागद फाटतो. त्यावर पिवळा लेप देतो आणि लेपावर योग्य अक्षर लिहितो."

"आणि खालचं? चुकलेलं?"

"ते असतंच. पान उजेडात धरलं तर दिसतं."

अण्णासाहेबांनी मान डोलावली. मग सभासदांकडे वळून ते म्हणाले, "बाईंना कायम करा. गाण्याची जुनी ओळ राहील, नवी तिच्यानंतर येईल. दोन्ही म्हणायच्या. आणि एक सांगा त्यांना. तिसऱ्या ओळीत सूर चढा लागतो, त्या खाली घेतात. इतकी वर्षं ऐकलंय मी; चाल बिघडवू नका म्हणावं."

त्या वर्षी गणेशोत्सवात शाळेने मेळा काढला. गावातले मेळे बंद पडून बरीच वर्षे झाली होती, त्यामुळे पेठेत ही गर्दी. बाईंचे वडील कऱ्हाडहून आले होते. श्वास पुरत नसतानाही त्यांनी क्लॅरोनेट ओठांना लावले होते, आणि कडव्याच्या अखेरचा एकच सूर ते नेमका देत होते. माझ्या हाती झांज होती. या गोष्टीला आता तीस वर्षे होत आली. वाईच्या माझ्या गुरुजनांनी मला त्या वेशात पाहिले नाही, ही ईश्वराची कृपा.

पेठेच्या वळणावर बाईंची पावले मंदावली. शेट्यांच्या पेढीसमोर उभे राहून ती जुनी ओळ म्हणायची होती, प्रथेप्रमाणे दोनदा. "शास्त्रीबुवा, त्यांना जड जाईल का हो?" त्यांनी मला कुजबुजत विचारले. मेळा पाहायला पेठेतली सगळी दारे सताड उघडी होती. पेढीच्या उंबऱ्यावर अण्णासाहेब उभे होते, हातात नारळ आणि सुपारी घेऊन, शेजारी गिरिजेच्या खांद्याला धरून मेहरूनची दादी.

आम्ही जवळ येताच त्यांनी नारळ गिरिजेच्या हाती दिला, मागे वळले आणि दाराचे एक कवाड ओढून लावून घेतले. मग उरलेल्या अर्ध्या दारात ते हात जोडून उभे राहिले.

"म्हणा आता," ते म्हणाले.